फोर्टापासून दूर

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला तो सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर. मुंबईतली मोठी मराठी वर्तमानपत्रं तेव्हा बहुतेक या कोरड्या टोकाला होती. ‘महाराष्ट्र टाइम्स’ बोरीबंदरासमोर, ‘लोकसत्ता’ नरिमन पॉइंटला, ‘नवाकाळ’ गिरगावात. उपनगरात मोबाइलची नेटवर्कं बसली, लोकल जागच्या जागी थांबल्या. माणसं रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत अंधेरी, कुर्ला, घाटकोपर गाठत होती. पुढच्या स्टेशनावर काय परिस्थिती आहे, हे समोरून चालत येणाऱ्यालाच विचारावं लागत होतं. काय घडलं याचा पुरता अंदाज उपनगरालाच उपनगराबद्दल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला.

आता 13 मे 2024. सोमवार, दुपारी साडेचारचा सुमार. धुळीच्या वादळात घाटकोपर पूर्वेला, छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली, 70 हून जास्त जखमी झाली. ते होर्डिंग आडवं होतानाची दृश्यं रात्रीच्या जेवणाआधी मुलुंडच्या, बोरिवलीच्या आणि परदेशातल्याही मराठी घरांत पोचली होती. चॅनेलवाल्यांनीही रस्त्यावरच्या माणसांच्या फोनमधून आलेली क्लिपच दाखवली.

या दोन दिवसांमध्ये 19 वर्षं आहेत. एवढ्या काळात मुंबईच्या उपनगरांचं बातमीशी, खेळाशी आणि कलेशी असलेलं नातं मुळापासून बदललं. ते कसं, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी एक गाडी सोयीची आहे: वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो. 8 जून 2014 ला सुरू झालेली ही मुंबईची पहिली मेट्रो 11.4 किलोमीटरची आहे, स्टेशनं 12. एवढ्या अंतरात आपल्याला हवं ते जवळजवळ सगळं सापडतं.

वर्सोव्याला, म्हणजे कोळ्यांच्या वेसाव्याला, होड्या लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच किनाऱ्याच्या वाळूखालून समुद्रतळावरच्या इंटरनेटच्या केबली जमिनीवर येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मुंबईला जगाशी जोडणाऱ्या केबलींपैकी बहुतेक या काही किलोमीटरच्या पट्ट्यात लागतात. केसाएवढे बारीक काचेचे धागे, आणि त्यांतून जाणारा प्रकाश. 1870 साली एडनहून समुद्राखालून तार मुंबईला आली, तेव्हा परदेशी तारांचा कारभार फोर्टातून चाले. बातमी आधी फोर्टात उतरायची, मग गावभर व्हायची. आज जगाचा दोर उपनगराच्या किनाऱ्याला बांधलेला आहे, आणि मला ही गोष्ट नुसती भूगोलाची वाटत नाही. शंभर वर्षं उपनगर म्हणजे फोर्टातल्या कामावरून परतून पाठ टेकायची जागा होती. अंधेरीचा माणूस बातमी वाचत असे, ती तयार व्हायची दुसरीकडे. गाणं ऐकत असे, पण ते ‘निघायचं’ कुठल्यातरी कंपनीकडून. आता तो स्वतः बातमी पाठवतो, गाणं काढतो, खेळून पोट भरतो. मात्र दोर वर्सोव्याला लागला म्हणून त्याचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सुटत नाही. हे प्रकरण खरं तर त्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

बातमीपासून सुरुवात करू, कारण ओढ तिथेच सगळ्यात आधी बसली.

वर्तमानपत्राचं घर बातमीवर चालतं असं वाचकाला वाटतं. ते चालायचं जाहिरातींवर, आणि त्यातही छोट्या जाहिरातींवर. वधू पाहिजे, जागा भाड्याने देणे आहे, टायपिस्ट पाहिजे, नावात बदल. चार-सहा ओळींचे हे चौकोन एकेकटे किरकोळ, पण रोज शेकड्यांनी येणारे. त्यांच्या पैशावर कोर्टात दिवसभर बसणारा आणि महापालिकेच्या स्थायी समितीत चकरा मारणारा बातमीदार पोसला जाई. इंटरनेटनं आधी हे चौकोन उचलले. लग्नं, नोकऱ्या, घरं यांची वेगवेगळी संकेतस्थळं झाली आणि छोट्या जाहिरातींचं पान पातळ होत गेलं. बातम्या फोनवर जाण्याच्या कितीतरी आधी बातमीदाराचा पगार फोनवर गेला होता. मग मोठ्या जाहिरातीही गूगल आणि फेसबुककडे वळल्या, कारण तिथे जाहिरातदाराला ‘मुलुंड पश्चिमेला राहणाऱ्या, नुकतं मूल झालेल्या’ माणसापर्यंत नेमकं पोचता येऊ लागलं. अख्ख्या मुंबईला पान विकणारा या हिशेबात मागे पडणारच होता.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत मुंबईत काही दिवस छापील वर्तमानपत्रं आलीच नाहीत. पेपर टाकणारी मुलं घरी बसली होती. सकाळच्या चहाबरोबर पेपर उघडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका आठवड्यात मोडली. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागली, फुकट. पेपर पुन्हा सुरू झाले तेव्हा बऱ्याच दारांची कडी वाजली नाही. रद्दीवाल्याच्या काट्यावरही हा फरक दिसतो. महिन्याच्या रद्दीचे पैसे पेपरच्या बिलातून वजा करण्याचा मध्यमवर्गीय हिशेबच काही घरांतून गेला.

त्या जागी जे आलं, त्याला नुसती नावं ठेवणं अन्यायाचं होईल. सचिन टेके या मुंबईकर इंजिनिअरनं 2010 च्या सुमारास एम-इंडिकेटर हे अॅप आणलं. सुरुवातीला ते लोकलचं वेळापत्रक होतं. पुढे त्यात प्रवाशांच्या गप्पांची सोय आली आणि ते वेगळंच काहीतरी झालं. ‘विद्याविहारला गाडी उभी आहे’, ‘फास्ट ट्रॅकवर स्लो टाकली’, ‘अंधेरीला पाच नंबरवर गर्दी, येऊ नका’. दोन-चार शब्दांच्या या ओळी लिहिणाऱ्याला मानधन नाही, नाव नाही. पण घाटकोपरच्या पुलावर उभ्या माणसाला त्या क्षणी हवी असलेली बातमी हीच. कुठल्याही संपादकाला ती इतक्या लवकर देता आली नसती. मी तिला पत्रकारिता म्हणायला तयार आहे. खोटं लिहिलं तर पुढच्या मिनिटाला त्याच गाडीतला दुसरा माणूस ते खोडून काढतो, एवढी तपासणी त्यात आहे.

जिथे खोडणारा कोणी नसतो तिथे काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. टोळीच्या अफवा व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरत होत्या. गाडीत प्रवाशाच्या मजकुराला शेजारी प्रवासी साक्षीदार असतो. फॉरवर्डला तसा साक्षीदार नाही. तो ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून खरा वाटतो. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. निर्णय कॅलिफोर्नियात झाला आणि लागू राईनपाड्यालाही झाला.

घाटकोपरच्या होर्डिंगकडे पुन्हा येऊ. फलक पडला हे फोननं दाखवलं. पण महापालिकेची कमाल मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना 120 फुटांचा सांगाडा उभा कसा राहिला? जमीन कोणाची होती, परवानगी कोणी दिली, पाया किती खोल होता? ही उत्तरं क्लिपमध्ये नव्हती. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, हे कागद उलगडत गेले तसं पुढे आलं. त्यासाठी बातमीदार कचेऱ्यांतून फिरले, जुने पत्रव्यवहार मिळवले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमली गेली. पडण्याची बातमी फुकट मिळते, उभं राहण्याची बातमी महाग पडते. आणि ती महाग बातमी जिच्यावर पोसली जात होती, ती छोट्या जाहिरातींची मिळकत आता नाही. काही जुने पत्रकार यूट्यूबवर स्वतःची चॅनेलं चालवून तग धरून आहेत आणि त्यांतली काही उत्तम आहेत. पण बहुतेकांचं बळ विश्लेषणात आहे. वॉर्ड ऑफिसात जाऊन फाइल मागणारा माणूस ‘व्ह्यूज’वर जगू शकत नाही, कारण अंधेरी पूर्वेच्या एका नाल्याची फाइल लाखो लोक पाहणार नसतात. ती पाहण्याची गरज असते फक्त त्या नाल्याकाठच्या काही हजारांना.

मेट्रोच्या डब्यात आजूबाजूला पाहिलं तर बातमी वाचणारा क्वचित दिसतो. बरेच जण रील पाहत असतात आणि निदान दोन-तीन जण फोन आडवा धरून बसलेले असतात. फोन आडवा म्हणजे खेळ चालू. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त मिळाला. त्याआधी गेम खेळायचा तर कॉम्प्युटर लागे, नाहीतर तासाच्या हिशेबानं सायबर कॅफे. काउंटर-स्ट्राइकच्या फेऱ्या तिथेच चालत, शाळेच्या दप्तरासकट. फोननं हा खर्च काढून टाकला आणि वन रूम किचनमधल्या मुलालाही मैदान मिळालं. पबजी मोबाइल या मूळच्या कोरियन खेळानं 2018 पासून अख्खी पिढी ओढून घेतली. मुंबईच्या नमन माथुर या तरुणाचं, खेळातलं नाव ‘मॉर्टल’, टीम सोल हे पथक 2019 च्या मार्चमध्ये हैदराबादला देशाची मोठी स्पर्धा जिंकलं. पालकांनी ‘फोन ठेव’ म्हणायचं की नाही, याबद्दल पहिल्यांदाच घराघरात गंभीर चर्चा सुरू झाली.

या खेळांचं अर्थकारण समजून घेण्यासारखं आहे. खेळ फुकट उतरवता येतो. कमाई होते ती खेळाडूच्या अंगावरच्या कपड्यांतून, बंदुकीवरच्या रंगरंगोटीतून, ज्याला ‘स्किन’ म्हणतात. स्किननं नेम सुधारत नाही, दिमाख वाढतो. बहुतेक मुलं पैसे देतच नाहीत, पण तीही हवीच असतात, कारण पैसे देणाऱ्याचा दिमाख पाहायला गर्दी लागते. दुसरा शब्द ‘पिंग’: आपण बोट टेकवल्यापासून सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. 30 मिलिसेकंद असेल तर छान, 150 झाला तर समोरच्याची गोळी आधी लागते. पत्र्याच्या खोलीतला मुलगा रात्री पोटमाळ्यावर किंवा गच्चीवर खेळताना दिसतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

आणि मग 2 सप्टेंबर 2020 ला, चीनशी झालेल्या गलवानच्या संघर्षानंतर, सरकारनं चिनी संबंधाच्या कारणावरून पबजी मोबाइलवर बंदी घातली. त्याआधी 29 जूनला टिकटॉक गेलं होतं. 2 जुलै 2021 ला पबजीची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली, जुलै 2022 मध्ये तीही दुकानांतून काढली गेली, मे 2023 मध्ये परतली. या निर्णयांमागची सुरक्षेची कारणं वादात न आणताही एक गोष्ट सांगता येते: ज्यांनी आपलं पोट एका अॅपवर उभारलं होतं त्यांचं दुकान दोनदा एका रात्रीत बंद झालं. गिरणी बंद पडली तेव्हा निदान फाटक होतं, फाटकासमोर उभं राहता येत होतं. अॅपला फाटक नसतं.

पैसे लावून खेळण्याच्या खेळांबाबत मात्र माझं मत बंदीच्या बाजूचं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. ई-स्पोर्ट्सला त्यानं मान्यता दिली आणि पैशांच्या खेळांवर बंदी आणली. मुंबईतच 2008 साली उभी राहिलेली, तेव्हा भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकणारी ड्रीम11 ही कंपनी त्या आठवड्यात पैशांच्या स्पर्धा बंद करती झाली. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या गेल्या, हे खरं. पण पगाराच्या दिवशीच रमीत पगार घालवणाऱ्याचं घरही उपनगरातच असतं.

आता गाण्याकडे. मेट्रोच्या चकाला स्टेशनाच्या नावात जे. बी. नगर आहे. तिथल्या चाळींतून विवियन फर्नांडिस, म्हणजे ‘डिवाइन’, पुढे आला. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे ‘नेझी’, यानं 2014 च्या जानेवारीत ‘आफत’ हे गाणं वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच काढला आणि यूट्यूबवर टाकला. 2015 मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं. झोया अख्तरचा ‘गली बॉय’ 2019 मध्ये आला तो या मुलांच्या मागून. पूर्वी गाणं म्हटलं की स्टुडिओचे तास, वादक, कंपनीचा होकार. इथे गल्ली हाच स्टुडिओ होता आणि होकार मागायला कोणी नव्हतं. भाषाही बदलली. स्वच्छ हिंदीच्या जागी मुंबईच्या गल्लीत बोलली जाते तीच आली. मराठीतही तसंच घडलं. 2016 मध्ये भाडिपा या मंडळींनी टीव्हीच्या दारावर न थांबता यूट्यूबवर मराठी विनोद आणला आणि त्यांच्या कार्यक्रमांतली मराठी खरोखर घरात, मित्रांत बोलली जाणारी होती. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं आणि मराठी न समजणारे लोक त्यावर नाचले. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे.

अंधेरी-गोरेगावच्या काचेच्या इमारतींत जे चालतं ते मात्र इतकं गाजत नाही. प्राइम फोकस ही कंपनी 1997 साली मुंबईत सुरू झाली, पुढे लंडनच्या डबल निगेटिव्हशी एक झाली. ‘ड्यून’सारख्या ऑस्कर मिळवणाऱ्या चित्रपटांची दृश्यं करणारा डीएनईजी हा समूह तो हाच, आणि मुंबई हे त्याच्या कामाचं एक मोठं केंद्र. इथे शिकाऊ मुलाच्या वाट्याला पहिलं काम येतं ‘रोटो’. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. नटाला पार्श्वभूमीपासून वेगळं काढायचं तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याची कड आखावी लागते: केस, बोटं, फडफडणारा पदर. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 फ्रेम. वारा असेल तर कपाळावर हात. हे काम कंटाळवाणं आहे, पण शिकवतं. कड आखता आखता प्रकाश कसा वळतो, शरीर कसं हलतं हे डोळ्यात बसतं, आणि त्यातूनच पुढे कंपोझिटर, सुपरवायझर तयार होतात. आता यंत्र ही कड क्षणात आखून देतं. कामाचा वेग वाढला, तो चांगलाच. मला काळजी आहे ती पहिल्या पायरीची. बोरिवलीतून अॅनिमेशनचा कोर्स करून आलेल्या मुलानं चढायचं कुठून? राज्य सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी 3,268 कोटींचं धोरण मंजूर केलं. त्या पैशांतून या पायरीसाठी काय होतं, यावर माझं लक्ष राहील.

दुसरं टोक आपल्या हातात ठेवण्याचा एक प्रयत्न इथेच सांगायला हवा. मराठी नाटक कित्येक दशकं वर्तमानपत्राच्या जाहिरातीवर चाललं. शनिवार-रविवारचं पान उघडायचं, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेला काय आहे, मुलुंडच्या कालिदासला काय, पार्ल्याच्या दीनानाथला काय, ते बोटानं शोधायचं. पेपर घरात येईनासा झाला तसा हा प्रेक्षक हरवू लागला. तिकिटं अॅपवर गेली, पण तिथे सिनेमाच्या गर्दीत नाटक खाली ढकललं जाई. तेव्हा प्रशांत दामले यांनी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ हे स्वतंत्र अॅप आणलं. कोणता प्रेक्षक कुठल्या नाट्यगृहाला येतो, हे आता नाटकवाल्यांनाच कळू शकतं. माझ्या लेखी हे तिकीटविक्रीपेक्षा मोठं काम आहे.

जुन्या संपादकाचं टेबल फोर्टात होतं, दूर होतं, त्याच्या आवडीनिवडी होत्या. पण लोकलचं तिकीट काढून तिथे जाता येत होतं. कविता साभार परत आली तरी ती परत पाठवणारा माणूस होता. आज रील का चढली, का पडली, चॅनेल का बंद झालं, हे विचारायला जागा नाही.

निदान एका बाबतीत ती जागा सापडली आहे. अंधेरी परिसरात डबिंगचे कितीतरी स्टुडिओ आहेत आणि जगभरातल्या मालिका तिथे हिंदी-मराठी बोलू लागतात. यंत्र आता काही मिनिटांचा नमुना ऐकून कोणाचाही आवाज काढू शकतं. आवाज देणारे कलाकार करारात नवं कलम मागू लागले आहेत, की आमच्या रेकॉर्डिंगवर यंत्राला शिकवायचं नाही. जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयानं परवानगीवाचून एआयनं आवाजाची नक्कल करण्याला मनाई केली. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस आशा भोसले त्याच न्यायालयात गेल्या. त्या तेव्हा 92 वर्षांच्या होत्या. त्यांचा आवाज बनवून देणाऱ्यांत एक अमेरिकी कंपनी होती. न्यायालयानं त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. न्यायालय फोर्टातच आहे, चर्चगेटला उतरून मैदान ओलांडलं की समोर.